कानाचं तेवढं बघ

ओम्या,

रविवारी तुझा फोन आला तो सगळा आईनंच खाल्ला, माझ्या वाट्याला फक्त "पप्पा बरं हाय सगळं" एवढंच आलं, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. ट्रेनिंगला मोबाईल जमा असला तरी पत्र कोण अडवत नाही. हे फोनवर टाईप करतोय, अनु प्रिंट काढून पाकिटात घालून देणार आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नको.

घरी ठीक. काकाच्या गुडघ्याचं परत पुढं गेलं. आई सगळ्या गल्लीला "मी काय रडलो नाही" म्हणून सांगत सुटलीय, त्यामुळं आता सगळ्यांना कळलंय.

उपदेश करायचा नाही असं ठरवूनच बसलोय. एकच सांगतो, कानाचं तेवढं बघ. फायरिंग रेंजवर न्यायला लागले की प्लग मिळतील ते घाल, नीट आत बसेपर्यंत घाल, नुसता कापूस कोंबून काय होत नाही. मी तुझ्या बॅगेत आतल्या कप्प्यात दोन जोड्या ठेवल्यात, बघितल्यास का? साध्या रायफलीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यात ८ तास काम करणाऱ्याला ८५ ही सुरक्षित मर्यादा धरतात, ह्याच्यावरनं हिशोब कर. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. पोरं हसली तर हसू देत.

तू तोफखान्यात लागलास म्हणून कळलं तेव्हा आक्का पेढे घेऊन आली, मी पेढा खाल्ला पण खरं सांगतो माझ्या डोक्यात पहिल्यांदा तुझे कान आले. अभिमान नंतर आला. आला मात्र लई, चौकात कोणी विचारायच्या आधीच सांगत होतो नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला गेलाय म्हणून.

कारगिलचं तुला जे माहीत आहे ते माझ्या २६ जुलैच्या भाषणातलं. शाळेत दरवर्षी स्टेजवर बसवायचे, फेटा बांधायचे, मग पाचवीतला कोणतरी विचारणार, "सर तुम्ही किती मारले?" मी एकही मारला नाही रे. बँडवाला लढाईत वाजवत नसतो, तो स्ट्रेचर उचलतो, हे लोकांना माहीतच नसतं. माझं क्लॅरोनेट खाली स्टोअरमध्ये पेटीत होतं, थंडीनं त्याच्या लाकडाला खालच्या बाजूला एक केसाएवढी चीर गेली ती अजून आहे, तू लहानपणी नख घालायचास त्यात. आणि आम्ही वर. द्रासच १०,००० फुटांच्या वर, शिखरं १५-१६ हजारांवर, रात्रीच चालायचं कारण दिवसा वरनं दिसतं. चढताना गोळ्या, पाणी, जे देतील ते न्यायचं आणि उतरताना माणूस आणायचा. ड्रमवाला एक होता आमचा सातारकडचा, तो उतरताना जखमीशी सारखा बोलत राहायचा, गावाकडच्या यात्रेचं, बैलांचं, कायपण, झोपू द्यायचा नाही त्याला. एकाचा हात माझ्या मनगटाला धरलेला होता आणि खाली पोचल्यावर डॉक्टरनं एकेक बोट सोडवलं. तो वाचला. सगळे नाही वाचले.

आणि बोफोर्स तोफा. श्रीनगर-लेह रोडच्या कडेला लावलेल्या, आमची वाट त्यांच्याजवळनंच जायची. १५५ एमएमचा गोळा सुटतो तेव्हा आवाज कानाला नंतर येतो, आधी छातीत बसतो. माझा डावा कान गेला तो शत्रूच्या तोफांत नाही, आपल्याच तोफांत गेला. तक्रार नाही माझी, त्या तोफांनी वरचे बंकर फोडले म्हणून तर पोरं तोलोलिंग चढली, टायगर हिल चढली, आणि आता माझाच पोरगा त्या तोफेवर जाणार ह्याचं काय वाटतं हे मला नीट लिहितापण येत नाही. असो.

कान गेला म्हणजे शांत झालं असं लोकांना वाटतं. शांत कुठलं, शिट्टी वाजते. चोवीस तास. बाजाच्या पेटीची शेवटची पट्टी दाबली तरी तिच्याही वर कुठंतरी तो सूर आहे, मी शोधून बघितलाय. शाळेतल्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कळायचं की सरांच्या उजव्या बाजूला येऊन बोलायचं, काही वांड डाव्या बाजूला जाऊन शिव्या द्यायचे, तेपण कळायचं मला.

तुला आठवत नसेल, मी पेन्शन येऊन शाळेत लागलो तेव्हा मला पेटी येतच नव्हती. बँडचं सगळं स्टाफ नोटेशनवर, इथं सारेगम. छत्तिसाव्या वर्षी गांधर्वची संगीताची परीक्षा द्यायला बसलो तर आजूबाजूला नववी-दहावीच्या पोरी, एकीनं मला पालक समजून बाहेर बसायला सांगितलं. मग शाळेत काय, परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तास मागणार, संगीताचा तास म्हणजे सगळ्यांच्या बापाचा. पण राष्ट्रगीत ५२ सेकंदांतच झालं पाहिजे म्हणून मी घड्याळ धरून उभा राहायचो आणि सुरुवातीचा सूर पेटीवर देऊनच सुरू करायला लावायचो, नाहीतर पुढचा पोरगा बापयाच्या पट्टीत सुरू करतो आणि मागच्या पोरींचा आवाजच फुटत नाही. काळी चार. एवढी एक गोष्ट मी त्या शाळेला लावून आलो.

आणि पेटी उतरली, तबला उतरला हे मला सांगायचं कोण, तर तू. सहा वर्षाचा असशील, आतल्या खोलीतनं ओरडलास, "पप्पा, तबला चढलाय." मी गट्ट्यावर हातोडी मारत होतो आणि मला पटत नव्हतं. तूच बरोबर होतास. म्हणून सांगतो, हा कान साधा नाही. केशवराव भोसले नाट्यगृहात गॅदरिंगला तू तबला वाजवलास, मी मुद्दाम शेवटच्या रांगेत उजवा कान पुढं करून बसलो होतो, शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलं तेव्हा कुठले माईक, आवाज मागपर्यंत जाईल असंच बांधलेलं. तुझा 'धा' स्वच्छ आला मागं. २०२४ च्या ऑगस्टात ते जळालं तेव्हा दुसऱ्या दिवशी आपण दोघं खासबागेकडनं गेलो होतो बघायला, तू एक शब्द बोलला नाहीस, मीपण नाही.

बघ, कुठनं कुठं गेलो. पण मुद्दा राहिलाय आणि तो महत्त्वाचा आहे, रागावू नको. तुमची अग्निवीरांची चार वर्षं, त्यानंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवणार. त्यामुळं प्रत्येक पोरगा दुखणं लपवणार. फौजेच्या मेडिकल कॅटेगरीच्या 'शेप' मधला 'एच' म्हणजे हिअरिंग हे तुला शिकवलं असेल, कॅटेगरी खाली गेली तर नाव मागं पडेल ह्या भीतीनं कानात शिट्टी वाजली तरी तू गप्प बसशील, मी ओळखतो तुला, हात मोडला होता तेव्हापण दोन दिवस सांगितला नव्हतास. तसं करायचं नाही. एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जायचं आणि कागदावर लिहून घ्यायचं. आमच्या वेळी शेजारी पाय गेलेला माणूस पडलेला असताना कान दाखवायला कोण जाणार? नंतर मी कानाच्या पेन्शनसाठी अर्ज केला तर एका ऑफिसात साहेब म्हणाला नोंद नाही. फाईल परत आली. पैशाचं जाऊ दे, पण "नोंद नाही" म्हणजे झालंच नाही काय?

आता मात्र लेक्चर झालं. आईनं मागनं वाचलं आणि म्हणाली, "पोरगं भाकरी खातंय काय नाही ते विचारा की, कान कान काय लावलाय." बरोबर आहे तिचं. सॉरी रे. जेवण कसं आहे? चपाती जाड असेल, सवय होईल. पायाला फोड आले असतील तर मोजे दोन घाल, आतला पातळ.

आणि सुट्टीवर गणपतीत आलास तर डॉल्बीच्या पुढं नाचायचं नाही, मंडळातल्या पोरांना मी आधीच सांगून ठेवणार आहे.

कांदा-लसूण मसाला पाठवलेला चालतो का विचारून कळव, आईनं बरणी भरून ठेवलीय. कसम परेडची, तुमच्या शपथेच्या परेडची, तारीख समजली की लगेच सांग, आक्का, काका, अनु सगळीच यायचं म्हणत्यात, गाडी ठरवायला लागेल. परेडला बँड असतोच. त्यात क्लॅरोनेटवाला कोण आहे तेवढं बघून ठेव, मला भेटायचंय त्याला.

पप्पा