गरोदरपणातला रक्तदाब

महोदय,

रक्तदाब म्हटला की पन्नाशीतला माणूस आठवतो, गरोदर सून कुणाच्या ध्यानीमनीही नसते. म्हणूनच आपल्या बेळगाव आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात झालेले संशोधन महत्त्वाचे वाटते. आशाताईंनी घरोघरी जाऊन गर्भवतींचा रक्तदाब मोजला, गरजेनुसार औषध देऊन दवाखान्यात पाठवले. २०२० मध्ये निष्कर्ष आले ते काहीसे निराश करणारेच: एवढ्यानेच गुंतागुंत आणि मृत्यू फारसे घटले नाहीत. पण पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये झालेल्या अशाच प्रयोगांची आकडेवारी जोडून पाहता, आठ किंवा अधिक भेटी मिळालेल्या स्त्रियांमध्ये मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण कमी दिसले. त्यामागे इतर कारणेही असू शकतात, तरी एकदा येऊन जाणे पुरत नाही, एवढे मला तरी पटते.

खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात आठ भेटी कशा व्हायच्या? निदान उपकेंद्रातले यंत्र चालू असावे, आकडा तायी कार्डावर (गर्भवतीच्या तपासण्यांच्या नोंदीचे कार्ड) लिहावा आणि मराठीतून समजावून सांगावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, किंवा डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘गरोदरपणात असं होतंच’ म्हणणाऱ्या सासूबाईंचे न ऐकता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

– एक वाचक, खानापूर