सुधीरला, यीस्टबद्दल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "यीस्टमध्ये इतकी वर्षं बघण्यासारखं असतं तरी काय?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलंय.

आमच्याकडे दोन यीस्ट असतात. बीवाय हे प्रयोगशाळेतलं; त्याचं मूळ बऱ्याच अंशी १९३८ साली कॅलिफोर्नियात मर्सेड इथे एका सडक्या अंजिरावर सापडलेल्या यीस्टपर्यंत जातं. दुसरं आरएम, तेही कॅलिफोर्नियाचंच, पण द्राक्षमळ्यातलं. त्याची बाटली हातात घेतली की तुझी निफाडची बाग आठवते. दोघांच्या डीएनएत साधारण २०० अक्षरांमागे एक अक्षर वेगळं. जनुकं जवळपास तीच, सहा हजारांच्या आसपास. तरीही एखादं जनुक एकात भरपूर आरएनए (म्हणजे स्वतःची कामचलाऊ नक्कल) बनवतं आणि दुसऱ्यात जेमतेम.

२००२ मध्ये रेचल ब्रेम, लिओनिड क्रुगल्याक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघांचा संकर केला. ४० संततींमध्ये जनुकागणिक आरएनए मोजला आणि त्याचं कमी-जास्त होणं डीएनएच्या कोणत्या तुकड्याबरोबर वारशाने येतं ते शोधलं. मला आधी वाटायचं, फरक जनुकाच्या दारातच असणार, त्याच्या अलीकडच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे ते चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यात. पुष्कळदा असतोही. पण २०१८ मध्ये याच संकराच्या १,०१२ संतती तपासल्या गेल्या, तेव्हा डीएनएचा तुकडा आणि जनुकाचा आरएनए यांच्यातले असे ३६,४९८ दुवे सापडले आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त दूरचे निघाले. बदल एका ठिकाणी, परिणाम भलत्याच गुणसूत्रावरच्या जनुकावर! त्यातही हे दूरचे दुवे बहुतेक १०२ जागांभोवती गोळा झालेले.

त्यातलं माझं लाडकं उदाहरण एएमएन१ नावाचं जनुक. आरएमची नळी हलवायची थांबवली की पेशींचे पुंजके भराभर तळाशी बसतात. बीवायची नळी बराच वेळ दुधाळ राहते. कन्यापेशी आईपासून सुटायला मधली भिंत विरघळावी लागते. ती विरघळवणारी जनुकं एस-टू नावाचं प्रथिन चालू करतं आणि एएमएन१ त्या एस-टूला आवरतं. बीवायच्या एएमएन१ प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदललंय, त्यामुळे आवर ढिला पडतो, ती जनुकं जोरात चालतात आणि पेशी सुटून मोकळ्या होतात. गंमत अशी की हा बदल कुठल्या प्रमोटरमध्ये नाही, आणि एएमएन१ स्वतः डीएनएला जाऊन चिकटणारं प्रथिनही नाही. 'नियमन' म्हटल्यावर आपण कॉलेजात जेवढं शिकलो, ते फार तोकडं होतं रे.

शिवाय याच पेशी ग्लुकोजऐवजी इथेनॉलवर वाढवल्या की कित्येक फरकांचा परिणाम बदलतो. पुढच्या आठवड्यात मी तेच लावतोय. काय निघालं ते सविस्तर कळवीन.

गोडी छाटणी उरकली का? काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अवि