आम्ही थिएटरातच का जातो

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने विचारलं, "रविवारी काय केलंत?" मी म्हटलं, सिनेमाला गेलो होतो. त्यावर आई म्हणाली, "तोच सिनेमा थोड्या दिवसांनी घरबसल्या दिसतो की!" मग बाबांच्या गोळ्यांचा विषय निघाला आणि बोलणं तिथेच राहिलं. पण आईचं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

घरी दिसतो हे खरं आहे, आणि आम्हीही घरी पुष्कळ बघतो. पण घरी आम्ही दोघं मिळून असं काही बघत नाही. मध्येच बेल वाजते, मशीनमधले कपडे वाळत घालायचे असतात, याच्या हातात फोन असतो आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप. एकाने उठून जायचं आणि परत आल्यावर विचारायचं, "मध्ये काय झालं?" थिएटरात दिवे गेले की हे सगळं थांबतं. एरवी आठवडाभर आमचं बोलणं म्हणजे कोणी काय आणायचं, कोणाला फोन करायचा राहिला, उद्या लवकर कोण निघणार. संसाराला ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात मला हा दिसत नाही आणि त्याला मी दिसत नाही.

आम्ही शक्यतो दिवसाचा पहिला खेळ धरतो. रात्रीचा खेळ बघून आलं की झोप अनावर होते आणि सिनेमा तसाच विरून जातो. सकाळी पाहिला की उरलेला दिवस हाताशी राहतो, आणि मला तर त्या उरलेल्या दिवसासाठीच सिनेमा हवा असतो. या वेळच्या सिनेमात एक म्हातारी आई होती, मुलाला घर विकू देत नव्हती. एका प्रसंगात ती रिकाम्या खोलीची खिडकी उघडते, पुन्हा लावते, कडी नीट बसली का ते बोटाने चाचपून बघते. बस, एवढंच. मला ती हट्टी वाटली आणि तिचा हट्ट आवडलाही. बाहेर पडून चालत निघालो तेव्हा हा म्हणाला, "हट्टी कुठली, घाबरली होती ती. कडी दोनदा चाचपली तिने." ते दोनदा चाचपणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग तो त्याच्या आजीबद्दल बोलायला लागला. रात्री उठून ती दाराची कडी बघून यायची, पुन्हा जायची, आणि हा लहानपणी अंथरुणात पडून ते ऐकत असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती. विषयच निघाला नव्हता. समोर बसवून "मनात काय आहे ते सांग" म्हटलं असतं तर तो गप्पच बसला असता.

बाबा, तुम्हाला यंत्रांची आवड, म्हणून एक सांगते. एडिसनच्या कंपनीचं किनेटोस्कोप १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोकांसाठी खुलं झालं. ती एक उभी लाकडी पेटी होती. वरच्या भोकाला डोळे लावायचे आणि एका वेळी एकानेच बघायचं. चित्रं हलत होती, पण मी त्याला सिनेमा म्हणणार नाही. २८ डिसेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून पडद्यावर हलती चित्रं दाखवली. एकेक फिल्म जेमतेम मिनिटभराची, पण खोलीतली सगळी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट बघत होती. आज आपण जो तो आपापल्या फोनमध्ये डोळे घालून पुन्हा त्या पेटीपाशीच येऊन उभे राहिलो आहोत. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि म्हणूनच तुम्ही दोघांनी थिएटरात जाणं सोडलंत हे मला पटत नाही. कारणं मला माहीत आहेत. बाबांना संवाद नीट कळत नाहीत आणि आईला अंधारातल्या पायऱ्यांची धास्ती वाटते.

बाबा, घरच्या सपाट टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद आधीच दबतात. थिएटरात पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि त्याच्या मागे स्पीकर. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणजे जो बोलतोय त्याच्याच दिशेने. पुढच्या रांगा टाळा, तिथे आवाज अंगावर येतो. पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे, मधोमध बसलं तर आवाज सगळ्यात सारखा येतो. सबटायटल्स असलेला खेळ मिळाला तर उत्तमच. तरीही त्रास झाला तर कान तपासून घ्यायचे, त्यात कमीपणा काही नाही.

आई, वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि नजर सरावायलाही जास्त वेळ लागतो. तेव्हा दिवे चालू असतानाच आत जाऊन बसायचं. संपल्यावर लगेच उठायचं नाही, नावं संपून पुरते दिवे लागू द्यायचे. आम्हीही बसून राहतो. एका सिनेमामागे किती माणसांचे हात लागलेले असतात ते त्या नावांत दिसतं, आणि मला ती वाचायला फार आवडतात.

मधल्या वाराचा दुपारचा खेळ तुम्हाला बरा, गर्दी नसते. बाबांच्या गुडघ्यासाठी त्याच मागच्या रांगेत कडेची जागा घेऊ, आवाजात थोडा फरक पडला तरी चालेल. पाय तरी लांब करता येईल. तिकिटं मी इथून काढते. सिनेमा कोणता ते या वेळी आईने ठरवायचं, बाबांनी मध्ये बोलायचं नाही. वार तेवढा कळवा. आणि बघून आल्यावर फोन दोघांनी वेगवेगळा करायचा. बाबांना काय दिसलं ते मला बाबांकडून ऐकायचंय, आणि आईला काय दिसलं ते आईकडून.

तुमची,
लेक