गोष्ट कानांसाठी पुन्हा लिहावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा, वाचनालये आणि महिला मंडळे हल्ली मुलांसाठी गोष्टी ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवतात. उपक्रम फार मोलाचा आहे, पण यांतल्या पुष्कळ गोष्टी मुले दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला सोडून देतात. त्याचे खापर स्वस्त माइकवर फुटते. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते: छापील मजकूर आहे तसाच वाचलेला असतो.

छापलेल्या गोष्टीत अवतरणचिन्हे असतात, परिच्छेद असतात. कानाला ती दिसत नाहीत. म्हणून ‘असे कोल्हा म्हणाला’ हे बोलण्याच्या शेवटी न ठेवता ‘कोल्हा म्हणाला’ आधी घ्यावे, मग त्याचे बोलणे. ‘उठून, तोंड धुऊन, दप्तर घेऊन, आईला सांगून राजू निघाला’ या वाक्यात राजू येईपर्यंत लहान मूल सगळे विसरलेले असते. त्याची तीन वाक्ये करावीत. ‘तो’, ‘ती’ कमी करून नाव पुन्हा घ्यावे. रमा, रमेश, रमाकांत एकाच गोष्टीत नकोत, आणि पात्रे तीन-चारच असावीत. चित्रकथेत तर अर्धी गोष्ट चित्रातच असते. ‘बघा तर कोण आलं!’ एवढेच छापलेले असेल, तर कोण आले ते सांगणारे वाक्य नव्याने लिहावे लागते. लहानांसाठी मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्दांची गती बरी. त्या हिशेबाने पाच मिनिटांच्या गोष्टीला ५०० ते ५५० शब्द पुरतात.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. गोधड्या-गाद्यांनी भरलेली लहान खोली, पंखा आणि फ्रीज बंद, एवढ्यावर उत्तम काम होते. पत्र्याच्या छपराखाली मात्र पावसात मुद्रण करू नये. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि जरा बाजूला धरावा; समोर धरला की ‘फ’, ‘भ’, ‘ख’ उच्चारताना सुटणारी हवा थेट त्यावर आदळते आणि फट्‌फट् आवाज येतो. वाचनाआधी रिकाम्या खोलीची अर्धा मिनिट शांतता मुद्रित करून ठेवावी. चुकलेले वाक्य कापले की त्या जागी हीच शांतता भरावी. तिथे कोरी शून्य शांतता टाकली, तर आवाज मध्येच तुटल्यासारखा वाटतो.

पार्श्वसंगीताचा सोस सर्वांत जास्त नुकसान करतो. काहीही न लावलेल्या भिंतींच्या वर्गात आधीच आवाज घुमतो. त्यात शब्दांखाली संगीत चालू राहिले की व्यंजने ऐकूच येत नाहीत. संगीत सुरुवातीला, शेवटी आणि प्रसंग बदलताना काही सेकंद पुरे. फोनच्या बारक्या स्पीकरला खर्ज पेलत नाही, त्यामुळे हेडफोनवर छान वाटणारी हत्तीची पावले मुलाच्या फोनवर उमटतच नाहीत. एकपदरी, म्हणजे मोनो, ६४ केबीपीएसची (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ फाइल केली तर दहा मिनिटांची गोष्ट पाच एमबीच्या आत बसते. ऊसतोडीच्या तळावर नेटवर्क नसले तरी मेमरी कार्डावरून ती ऐकता येते.

आता आवाजांविषयी. आपल्या ध्वनिकथांत निवेदक प्रमाण मराठीतच बोलतो, आणि अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी येते ती गड्याच्या, नाही तर वेंधळ्या पात्राच्या तोंडी. त्या बोलीत वाढणारे मूल यातून काय ऐकते, याचा विचार करायला हवा. निवेदनच बोलीत हवे. मेळघाटातली कोरकू किंवा गडचिरोलीतली गोंडी तर मराठीच्या कुळातल्याही नाहीत. तिथल्या पहिलीतल्या मुलाला मराठी गोष्ट परकी वाटते. अशा भाषेत गोष्ट हवी असेल तर मराठी मजकुराचा शब्दशः अनुवाद वाचून घेऊ नये. सांगणाऱ्याला गोष्ट समजावून त्याच्या पद्धतीने सांगू द्यावी, ती उतरवून घ्यावी, मग ध्वनिमुद्रण करावे. गोष्ट मूळ त्याचीच असेल तर लेखी संमती घ्यावी आणि सुरुवातीलाच त्याचे नाव ऐकवावे.

तयार गोष्ट सहा-आठ मुलांना चित्राविना ऐकवावी. ‘आवडली का?’ या प्रश्नाला मुले हो म्हणतातच. त्यापेक्षा मध्येच थांबवून ‘आता कोण कुठे आहे?’ विचारावे आणि चुळबुळ कोणत्या मिनिटाला सुरू झाली ते टिपावे. दुरुस्तीची जागा बहुधा त्याच्या जरा आधी असते.

अडचण उरते ती हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि जुन्या गोष्टीच्या नव्या पुनर्कथनावरही त्या लेखकाचा स्वतंत्र हक्क असतो. मुलांना फुकट ऐकवतो म्हणून परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या मोफत संकेतस्थळावरच्या, क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० या खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी श्रेय देऊन बदलता आणि ध्वनिमुद्रित करता येतात. बदल केल्याचे मात्र सांगावे लागते. पण आजच्या मराठी लेखकांच्या ताज्या बालकथा वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत येतात आणि तिथेच थांबतात.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. बालकथा स्वीकारताना लेखकाच्या संमतिपत्रात दोन ओळी वाढवाव्यात: विनामूल्य ध्वनिमुद्रणास परवानगी आहे किंवा नाही, आणि ऐकण्यासाठी वाक्यरचना बदलण्यास व बोलीत रूपांतर करण्यास परवानगी आहे किंवा नाही. लेखकाने होकार दिला असेल तर तसे कथेखाली छापावे. दुसरी ओळ विसरू नये. नुसत्या ध्वनिमुद्रणाच्या परवानगीवर छापील मजकूरच वाचावा लागतो.

आपले,
मुलांसाठी ध्वनिकथांचे काम करणारे काही वाचक, नाशिक