मन्या, आवाज नको वाढवूस

नौपाडा, ठाणे

प्रिय मन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दिग्दर्शक ‘स्टेक्स वाढव, स्टेक्स वाढव’ म्हणतो (म्हणजे पात्राचं जे पणाला लागलंय ते), तू आवाज वाढवतोस, तो ‘हे नको’ म्हणतो आणि तुझं डोकं फिरतं. फोनवर बोललो असतो तर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहितोय.

तुमचा प्रवेश वाचला. रीडेव्हलपमेंटच्या कागदावर धाकटा भाऊ मोठ्याची सही मागतो. तू म्हणतोस, सही मिळाली नाही तर त्याचं घर जाईल. अरे, पण ठाण्याचा प्रेक्षक या विषयात वकिलांना ऐकत नाही! २०१९ च्या शासन निर्णयापासून सोसायटीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, हे पहिल्या रांगेतल्या काकांना पाठ असतं. एका दादापायी अख्खी बिल्डिंग अडली, हे त्यांना पटणार नाही. आणि ते सोड, तुलाच पटलेलं नाही. म्हणून तर ओरडावं लागतंय.

अभिनय शिकवणाऱ्या रशियन स्तानिस्लावस्कीच्या पुस्तकातला एक प्रसंग सांगतो. नटीचं शिक्षण घेणारी एक मुलगी. फी भरायला पैसे नाहीत. मैत्रिणीने तिच्यासाठी एक ब्रोच दिलाय, तो रंगमंचावरच्या पडद्याच्या चुणीत टोचलेला आहे, तो शोधायचा, अशी कल्पना. मुलगी धावत येते, पडदे ओढते, डोकं धरते, तळमळते. खाली येते ती खूश होऊन, आपण काय रंगवला प्रवेश! शिक्षक विचारतात, ब्रोच कुठाय? ती विसरूनच गेलेली असते. मग ते सांगतात, आता खरंच शोध, नाही सापडला तर शाळा सोडावी लागेल. आता ती एकेक चूण तपासू लागते. हातवारे गेले, धावाधाव गेली, आणि बघणाऱ्यांना कळलं की हिचं खरंच काहीतरी अडलंय. मन्या, तू सध्या पडदे ओढतोयस.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ‘घर’ पुसून टाक. दादा ऐरोलीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. धाकटा वडिलांच्या घरात राहिला, त्यांचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं. संहितेत हे एका वाक्यात आहे आणि तू ते वाक्य गिळतोस. माझ्या मते प्रवेशाचं मूळ तिथेच आहे. याने फुकटात घर लाटलं, असं दादाला वाटतं का? सही केली तर तसं वाटत नव्हतं. नाही केली, तर आयुष्यभर वाटत आलंय. आता तू सही मागतोस तेव्हा खरं काय मागतोयस ते बघ. ‘दादा, तिसऱ्या पानावर पण’ हे साधं वाक्यसुद्धा जड होईल.

मरणबिरण, कर्ज, आत्महत्येची धमकी यातलं काही आणू नकोस. एकांकिकावाल्यांना हा रोगच आहे. मरण म्हणजे आपोआप मोठे स्टेक्स, असंही नसतं. तलावपाळीवरच्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे त्या गडकऱ्यांची सिंधू आठव. ‘एकच प्याला’च्या शेवटी ती मरतेय, पण तिचा जीव अडकलाय तो फौजदारासमोर नवऱ्याला वाचवायला सांगितलेल्या खोट्यात. फौजदाराला ते पटलं पाहिजे. ज्या नटीला हे कळतं ती कण्हत बसत नाही, ती तो खोटेपणा नीट निभावते. रडायचं काम प्रेक्षकांकडे.

दुसरं, घड्याळ. माइझनर हा अमेरिकन अभिनय-शिक्षक शिष्यांना सराव द्यायचा त्यात एक जण अवघड काम करत असायचा, ते आत्ताच पुरं व्हायला हवं असं नेमकं कारण त्याच्यापाशी असायचं, आणि तेवढ्यात दारावर टकटक. तुमच्या प्रवेशात दादा चहा पीत निवांत बसलाय. त्याला पहिल्याच वाक्याला चपला घालू दे. ट्रान्स-हार्बरची गाडी गाठायचीय म्हणावं. मग तुला दर दोन वाक्यांनी त्याला थांबवायला नवीन युक्ती शोधावी लागेल: गोड बोलणं, टोमणा, आईचा विषय, पेन सापडत नसल्याचं नाटक. दिग्दर्शक ‘वाढव’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याला हेच हवं असतं, फक्त त्याला नीट सांगता येत नाही. (तुमच्या दिग्दर्शकाला पॉजचं भारी वेड आहे. ते पॉज या गडबडीत आपोआप उडतील, तेही बरंच.)

आणि जे पणाला लागलंय ते लपव. कुठलाही धाकटा भाऊ ‘तुझा माझ्यावर विश्वास आहे का’ असं तोंडावर विचारत नाही. तो विचारतो, ‘चष्मा आणलायस ना?’

रविवारी तालमीला येतो. तोवर यातलं काहीही दादाचं काम करणाऱ्याला सांगू नकोस. त्याला नुसतं चपला घालायला सांग.

तुझाच,
नान्या

ता. क. संमतिपत्राची खरी झेरॉक्स वापरा. कोऱ्या कागदावर सही मागताना तुझी नजर पळते, ते तालमीच्या व्हिडिओतही दिसतंय.