‘माहीत नाही’ या उत्तरासाठी जागा ठेवायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

हे पत्र खुले लिहितो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. तोंडावर केलेली स्तुती आपल्याला रुचत नाही आणि पाठीमागे केलेली तर त्याहून रुचत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु गेल्या तीन वर्षांत आपण मला जे दिलेत, ते माझ्या एकट्याच्या वर्गापुरते ठेवणे मला बरे वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसमोर उभे राहून ‘न्याय म्हणजे काय’ असा प्रश्न विचारणाऱ्या आणि नंतरच्या शांततेने घाबरून जाणाऱ्या कोणाही शिक्षकाला त्याचा उपयोग होईल. शिवाय माझ्या चुका सांगितल्याशिवाय आपल्या मदतीचे मोल कळणार नाही आणि खासगी पत्रात चुका झाकण्याचा मोह होतो.

तत्त्वज्ञानाची पदवी पदरात होती, म्हणून आठवड्यातला एक तास माझ्याकडे आला. पहिले काही महिने मी मुलांना थेल्सपासून कांटपर्यंतची नावे आणि त्यांची मते सांगत होतो. मुले ती उतरवून घेत होती. ही माहिती आहे, तत्त्वज्ञान नव्हे, हे माझे मलाच कळल्यावर मी प्रश्नोत्तरांकडे वळलो आणि दोन-चार तास रंगताच मला वाट सापडली, अशा समजुतीत राहिलो. त्याच भरात मी आपल्याला तास पाहायला बोलावले. खरे सांगायचे तर सल्ल्यासाठी बोलावले नव्हते, कौतुकासाठी बोलावले होते.

त्या दिवशी मी प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादातील प्रसंग घेतला होता. सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला २ फूट बाजूचा चौरस दाखवतो आणि याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती हवी, असे विचारतो. मी फळ्यावर आकृती काढली, एकापाठोपाठ प्रश्न विचारले, मुलांनी उत्तरे दिली आणि घंटा व्हायच्या आत आम्ही उत्तरापर्यंत, म्हणजे मूळ चौरसाच्या कर्णाएवढ्या बाजूपर्यंत, पोहोचलो. आपण शेवटच्या बाकावर बसून काहीतरी लिहीत होता. नंतर शिक्षकांच्या खोलीत आपण एवढेच म्हणालात, “तुम्ही एकवीस प्रश्न विचारलेत. त्यांतल्या एकोणीस प्रश्नांचे उत्तर ‘हो’ होते. हे प्रश्न नव्हेत, या पायऱ्या आहेत; आणि जिना कुठे जातो, हे तुम्हाला आधीच माहीत होते.”

मला राग आला होता, हे आज कबूल करतो. मी म्हणालो की सॉक्रेटिसही तेच करतो. त्यावर वाद न घालता आपण मूळ संवाद पुन्हा काढायला लावलात आणि तो मुलगा ‘हो’ म्हणत नाही अशा जागांवर पेन्सिलीने खूण करायला सांगितलीत. मोजक्याच जागा निघाल्या. दुप्पट क्षेत्रफळासाठी बाजूही दुप्पट, म्हणजे ४ फूट हवी, असे तो आत्मविश्वासाने सांगतो, तेव्हा क्षेत्रफळ ८ ऐवजी १६ येते. मग तो ३ फूट म्हणतो, तर ९ येते. आणि मग तो सरळ सांगतो, की मला माहीत नाही. सॉक्रेटिस तिथे थांबतो आणि मुलाचा मालक असलेल्या मेनोला विचारतो, की याला असे गोंधळात टाकून आपण याचे काही नुकसान केले का? मघाशी आपल्याला माहीत आहे असे समजणारा हा मुलगा आता निदान शोधू तरी लागेल. कर्ण त्यानंतर येतो आणि तो सॉक्रेटिसच पुढे करतो. आपण म्हणालात, “धडा कर्णाच्या आधीच झालेला आहे. तुमच्या तासात ४ पण आला नाही आणि ३ पण आला नाही. तुम्ही मुलांना चुकायला सवडच दिली नाहीत.”

बाई, माझ्या अध्यापनाचे दोन भाग करायचे झाले तर ते या वाक्याच्या आधीचा आणि नंतरचा असे करावे लागतील.

त्यानंतर आपण सुचवलेल्या गोष्टी दिसायला अगदी साध्या होत्या. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचे. कोणी बोलण्याआधी प्रत्येकाने एक मिनिट वहीत लिहायचे, म्हणजे सर्वांत आधी वर येणारा हात वर्गाचा विचार ठरवत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःला पक्के माहीत आहे, तो त्या दिवशी विचारायचा नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत जड गेली. प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’मधली गायजीसच्या अंगठीची कथा घेतली, तेव्हा घालणारा अदृश्य होतो अशी अंगठी मिळाल्यावर काय काय करू, याची यादी मुलांनी उत्साहाने केली. मी नेहमीप्रमाणे ‘म्हणून प्रामाणिकपणा महत्त्वाचा’ या थांब्यावर गाडी आणणार, इतक्यात आपले शब्द आठवले आणि मी गप्प राहिलो. ती शांतता मला फार लांब वाटली. मग वर्षभरात एकदाही न बोललेल्या एका मुलीने विचारले, “अंगठी काढल्यावर आपल्यालाच आपण काय केले ते आठवत असेल, तर मग कोणीच बघत नाही असे कसे म्हणायचे?” तो तास मी पुढे नेला नाही, तिनेच नेला.

याच सुमारास एका सहकाऱ्याने घेतलेला आक्षेप मी आपल्यापुढे मांडला होता. एवढ्या लहान मुलांना तर्काची हत्यारे द्यावीत का, असा तो प्रश्न होता आणि त्याला खुद्द प्लेटोचा आधार होता. त्याच ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात तो म्हणतो, की तरुणांना वादाची पहिली चव लागली की ते कुत्र्याच्या पिल्लांसारखे समोर येईल त्याचे शब्द ओढून फाडत सुटतात, म्हणून या विद्येचा अभ्यास त्याने वयाच्या ३० व्या वर्षापर्यंत लांबवला. मला वाटले होते की आपण हा आक्षेप झटकून टाकाल. आपण तसे केले नाहीत. प्लेटोने पिल्ले नीट पाहिली आहेत, असे आपण हसून म्हणालात. नंतर आपण अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांच्याविषयी सांगितलेत. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवताना त्यांना वाटू लागले, की विचार करायला शिकवण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. म्हणून ते मुलांसाठी गोष्टीरूप पाठ लिहू लागले आणि १९७४ मध्ये न्यू जर्सीतील मॉन्टक्लेअर येथे त्यांनी मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था उभी केली. त्यांनी भर दिला तो वर्गाने मिळून शोध घेण्यावर, एकेकट्याच्या वादपटुत्वावर नव्हे. आपले म्हणणे असे, की पिल्ले फाडतात कारण त्यांना दुसरा खेळ कोणी दाखवलेला नसतो.

तो दुसरा खेळ आपण न्यायदर्शनातून, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनातून, काढून दिलात, ही गोष्ट मला विशेष आवडली. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढायचे ती वितंडा. (मराठीत मात्र गंमत झाली आहे. ज्या शब्दाने शास्त्रकारांनी सर्वांत निर्मळ चर्चा ओळखली, तोच शब्द आपण भांडणाला वापरतो आणि मुलांना ‘वाद घालू नका’ असे दटावतो.) हे तीन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवले, तेव्हापासून चर्चा भरकटली की मुलेच एकमेकांना “हा जल्प झाला” असे सांगतात. त्याला जोडून पूर्वपक्षाचा नियम आला : ज्याचे खंडन करायचे, त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत असे मांडायचे की त्यानेच ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ अशी मान डोलवावी; तोवर खंडनाला परवानगी नाही. या नियमाने माझ्या वर्गातील निम्मी भांडणे खंडनापर्यंत पोहोचलीच नाहीत, कारण पूर्वपक्ष मांडता मांडता मतभेदच विरघळले. जे उरले, ते मात्र खरे होते.

तरीही एक भिंत हटत नव्हती. या वयाच्या मुलांशी नीती-अनीतीबद्दल बोलू लागले की थोड्याच वेळात कोणीतरी ‘ज्याचे त्याचे मत’ असे म्हणते आणि सगळा वर्ग सुटका झाल्यासारखा मान हलवतो. मी यावर सापेक्षतावादाचे, म्हणजे योग्य-अयोग्य ज्याच्या त्याच्यापुरतेच असते या मताचे, खंडन शिकवले होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. आपण विचारलेत, की हे वाक्य मुले कशासाठी उच्चारतात? मी त्याकडे सिद्धांत म्हणून पाहत होतो, पण बहुतेकांसाठी ते सौजन्य असते. समोरच्याला दुखवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. म्हणून त्यावर हल्ला न करता, मत बाळगण्याचा अधिकार आणि मत योग्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का, असा प्रश्न तेवढा विचारावा, असे आपण सुचवलेत. योगायोग असा, की त्या आठवड्यात ‘ज्याचे त्याचे मत’ असे हिरिरीने म्हणणारा मुलगा दुसऱ्या विषयातील एका उत्तराला मैत्रिणीपेक्षा कमी गुण पडले, हा अन्याय आहे, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला काहीच म्हटले नाही, ‘अन्याय’ हा शब्द तेवढा फळ्यावर लिहिला. तो बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत उभा राहिला.

एका चुकीबद्दल मात्र मला अजून वाईट वाटते. रुळांवरील गाडीचा प्रसिद्ध विचारप्रयोग, जो ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ च्या एका लेखात मांडला, तो मी एखाद्या कोड्यासारखा हसतखेळत घेतला. न थांबणारी गाडी सरळ गेली तर पाच जण मरतात, दुसऱ्या रुळावर वळवली तर एक; पाच जण वाचवायचे की एक, हात वर करा. एका मुलाने हात वर करायला नकार दिला आणि विचारले, की ब्रेक आधी कोणी का तपासले नाहीत? मी त्याला ‘प्रश्न बदलायचा नाही’ असे सांगून बसवले. त्याच्या घरी काही महिन्यांपूर्वीच अपघाती मृत्यू झाला होता, हे मला नंतर कळले. हे मी आपल्याला सांगितले, तेव्हा आपण मला दोष दिला नाहीत आणि धीरही दिला नाहीत. विचारप्रयोग सांगण्याआधी समोर कोण बसले आहे हे पाहावे आणि ‘मला यावर बोलायचे नाही’ असे म्हणण्याची मुभा पहिल्या दिवसापासून सर्वांना असावी, असे आपण सांगितलेत. आणि मग म्हणालात, “शिवाय त्याचा प्रश्न चांगलाच होता. निवड कोणती करावी, याआधी निवडीची वेळ कोणामुळे आली, हे विचारणे ही पळवाट नव्हे.” पुढच्या तासाला मी त्याची माफी मागितली आणि त्याची हरकत नाही याची खात्री करून त्याचा प्रश्न वर्गापुढे ठेवला. जबाबदारी या विषयावर आम्ही तीन आठवडे बोललो.

गुण देण्याबाबत आपण केलेली मदत थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझी शोभा नाही. फ्रान्समध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी तत्त्वज्ञान शिकवले जाते आणि अंतिम परीक्षेत मुले चार तास बसून त्यावर लिहितात. तेव्हा निबंध तपासणे अशक्य नाही, असे म्हणून मीही निबंध लिहून घेतले. आपण त्यांतले दहा वाचलेत आणि माझ्याशी सहमत असणाऱ्या मुलांना मी सरासरीने जास्त गुण दिले आहेत, हे शांतपणे दाखवून दिलेत. तेव्हापासून ज्याचा निष्कर्ष मला सर्वांत चुकीचा वाटतो, तो निबंध मी सर्वांत आधी आणि दोनदा वाचतो.

या वर्षी मी ‘मेनो’तला तोच प्रसंग पुन्हा घेतला. या वेळी ४ आला, ३ आला, अडीच आला, आणि एका गटाने तर असा चौरस असूच शकत नाही असे ठरवून टाकले. कर्ण त्या तासाला सापडला नाही. दोन दिवसांनी दोन मुली वहीत काढून घेऊन आल्या. पण त्या तासाच्या अखेरीस मागच्या बाकावरून, जिथे आपण बसला होता तिथूनच, एक प्रश्न आला : “सॉक्रेटिसला नाव आहे, मेनोला नाव आहे, मग त्या मुलाला का नाही? आणि तो गुलाम होता, तर ‘माहीत नाही’ असे सांगताना त्याला भीती वाटली नसेल का?” मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि शिकवला आहे, पण हे माझ्या मनात कधी आले नव्हते. मी मुलांना ‘मला माहीत नाही’ असे सांगितले. प्रश्न अजून फळ्यावर आहे. शिपायांना तो पुसू नका अशी विनंती केली आहे. आपण पुढच्या आठवड्यात येऊ शकलात, तर शेवटचा बाक रिकामा ठेवतो.

आपला कृतज्ञ,
माध्यमिक वर्गांना तत्त्वज्ञान शिकवणारा एक शिक्षक