यंदाच्या कपाला बाळूंचं नाव देऊया

प्रिय दादा,

सा. न. वि. वि. आईला नमस्कार सांग, कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं, सगळं व्यवस्थित. एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं असतं तर तू अर्धवट वाचून ठेवलं असतंस म्हणून नीट पत्रच लिहितोय.

विषय जुने क्रिकेटर बाळू पालवणकर यांचा. घराणं आपल्या कोकणातलं, चर्मकार समाजातलं, वडील पुण्याला लष्करात. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या लेस्टरला हा माणूस १९११ साली खेळून गेलाय! पतियाळाच्या महाराजांची ती ऑल इंडिया टीम आधी नुसती हरत होती, लेस्टरला पहिली मॅच जिंकली आणि त्यात बाळूंच्या ११ विकेट, अख्ख्या टूरवर ११४, तेही पस्तिशीत.

आणि सुरवात कुठून, तर पुण्यात क्लबच्या पिचवर रोलर फिरवणं, नेट लावणं, पगार महिना तीन-चार रुपये. ग्रेग नावाचा साहेब त्यांना तासन् तास बोलिंग टाकायला लावायचा, तिथेच हा डावखुरा स्पिनर तयार झाला. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. तेव्हा मुंबईत हिंदू, पारशी, युरोपियन अशा वेगवेगळ्या टीम खेळायच्या. नंतर हिंदू टीमला त्यांच्याशिवाय विकेट मिळेनात तेव्हा घेतलं, पण मैदानावर ज्याच्या हातातला बॉल चालतो त्याला चहाच्या वेळी पॅव्हेलियनच्या बाहेर बसवायचे, मातीच्या कपात वेगळा चहा. दादा, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये. १९०६ ला युरोपियन टीमला १०९ रनांनी हरवलं त्यात बाळू होते, भाऊ शिवराम होता, तरी बाळूंना टीमचं कॅप्टन कधीच केलं नाही. १९२० ला तर याच अन्यायावरून दुसरा भाऊ विठ्ठल आणि शिवराम टीममधून बाहेर पडले, तेव्हा कुठे जरा हललं आणि १९२३ ला विठ्ठल कॅप्टन झाला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून हरले, तो वेगळाच मोठा विषय आहे, गावी आलो की बोलू.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात सड्यावर आपली टेनिस बॉलची टूर्नामेंट असते, कपाला दरवर्षी ज्याने पैसे दिले त्याचं नाव. यंदा पैसे मी देतो आणि नाव बाळू पालवणकर चषक. अजून एक, वाडीवाडीच्या वेगळ्या टीम नकोत, सगळ्या वाड्यांची पोरं मिसळून चिठ्ठ्या टाकून टीम पाडा, आणि कॅप्टन टीमने निवडायचा, वाडीतल्या मोठ्यांनी नाही. काही जण कुरकुर करतील, माहितीये मला, पण तू बोललास की ऐकतात. मधल्या सुट्टीचा चहासुद्धा एकाच ठिकाणी, एकाच पातेल्यातला.

मीटिंग कधी ठेवतोस ते कळव, मी व्हिडिओ कॉलवर येतो. कप चिपळूणला करायला टाकशील तर नाव मराठीतच कोरायला सांग.

तुझा,
बंड्या